वीस नंबरी सूत

फटफटीच्या पेट्रोलच्या टाकीखाली जे रबर बसवतात, त्याविषयीचे अंतिम सत्य आमच्या सोलापुरात फक्त दामूअण्णांना उमगले होते, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. त्या वेळी माझ्या माहितीतल्या फटफट्या सगळ्या मिळून चार होत्या. त्यांतली एक बहुधा बंद असे, आणि ती दामूअण्णांची होती.

शुक्रवार पेठेत आमच्या दोघांच्या घरांची भिंत एक होती. मी हायस्कुलात गणित शिकवीत असे. दामूअण्णा एका गिरणीच्या स्टोअरमध्ये कारकून होते. मी त्या घरात राहायला आलो तेव्हा पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आधी एक खोकला ऐकू आला, मग चादर झटकल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच आले नाही. कोणी पूजेला बसले असावे असे वाटून मी आवाज न करता दात घासले. पुढे आठ दिवसांनी सहज डोकावलो, तर अण्णा अंगणात एका फटफटीपुढे गुडघे टेकून बसले होते आणि तिच्या टाकीखालून सुताचा एक वीतभर तुकडा हळूहळू ओढत होते. चेहरा असा, की कोणी मध्येच बोलले असते तर पाप लागले असते.

त्याचे असे होते. टाकी चार बोल्टांवर बसलेली असते. दर बोल्टापाशी टाकी आणि सांगाडा यांच्यामध्ये बत्ताशाएवढी रबराची एक चकती असते. नट फार आवळला तर रबर चेपते, टाकीला दम खायला जागा उरत नाही आणि इंजिनाच्या हादऱ्याने तिचा कथलाचा डाग दिलेला सांधा फुटतो. नट सैल राहिला तर टाकी थरथरते आणि शेवटी सांधा फुटतोच. या दोन संकटांच्या मधोमध एक नेमकी जागा असते आणि ती शोधायला अण्णांनी गिरणीतल्या वीस नंबरी सुताची योजना केली होती. चकतीच्या कडेखालून सूत ओढायचे. सरळ निघून आले तर नट सैल. निघालेच नाही तर घट्ट.

"अडखळलं पायजे, मास्तर," अण्णा मला म्हणाले. "अडकता कामा नये. अडखळून सुटलं पायजे. त्यात सगळं आलं की."

सगळे म्हणजे खरोखरच सगळे. आमच्या हेडमास्तरांनी उशिरा येणाऱ्या शिक्षकांसाठी नवे नियम काढले तेव्हा अण्णांनी माझी हकिकत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "अर्धा आटा जास्त फिरवला बघा त्यांनी. सांधा फुटणार." महिन्याभरात दोन शिक्षकांनी राजीनामे दिले. ज्या उन्हाळ्यात सरकारने लष्करी कायदा लावून सगळे शहर आवळून धरले होते आणि पेठेत माणसे दार लावून कुजबुजत, त्या उन्हाळ्यात अण्णा भिंतीवरून एवढेच बोलले, "सायबाला रबराचं काई कळत न्हाई." राजकारणावरचे ते त्यांचे एकमेव भाषण.

फटफटी त्यांच्याकडे आली तीही एका साहेबाकडूनच. गिरणीतला विणकामाचा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा आपली फटफटी त्याने अण्णांना देऊन टाकली, कारण स्टोअरमधून साहेबाला हवा तो बोल्ट हव्या त्या दिवशी मिळे तो अण्णांमुळे. बरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. तिची बाकीची पाने उंदरांनी नेली आणि टाकीच्या रबरावरचे पान तेवढे शिल्लक राहिले. माझा आपला असा तर्क आहे की उंदरांनी दुसरे एखादे पान सोडले असते तर अण्णा दिव्याच्या वातीचे किंवा साखळीचे तज्ज्ञ झाले असते. पण हे मी त्यांना कधी बोललो नाही. ते पान त्यांनी पोथीसारखे फडक्यात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवले होते.

रबर मिळवण्याच्या बाबतीत अण्णांना विधिनिषेध नव्हता. सोलापूरच्या उन्हात रबर मऊ पडते, थंडीत कडक होते आणि दोन्हींतून गेले की भेगाळते. त्यामुळे चकत्या सारख्या बदलाव्या लागत. सायकलची ट्यूब झाली, गिरणीतल्या पट्ट्याचे तुकडे झाले. एकदा माझ्या नव्या बुटाची टाच नाहीशी झाली. मी विचारले तर अण्णा म्हणाले, "चालताना तुमाला जरा एका बाजूला कलल्यासारखं वाटंल, पण रबर लई गुणाचं हाय." आमच्या घरातली पोट शेकायची रबरी पिशवीही अशीच गेली. तिचे रबर मात्र "तापट" निघाले. अण्णांच्या लेखी रबरांना स्वभाव असत. काही तापट, काही आळशी, काही नुसती तोंडावर गोड. नवी चकती घातली की ती बसायला चाळीस दिवस लागत आणि त्या चाळीस दिवसांत फटफटी चालवायची नसे. चाळीस दिवस सरेपर्यंत ऋतू बदले. मग नवे रबर.

"मग ती चालवता कधी?" मी एकदा विचारले.

"चालवायची घाई असली असती तर टांगा घेतला असता की," अण्णा म्हणाले.

त्यांच्या पत्नीला मी वहिनी म्हणत असे. वहिनी कमी बोलत, पण वाया जाईल असे काही बोलत नसत. घरातली चांगली सोलापुरी चादर फटफटीवर असे आणि उसवलेली अण्णांच्या अंगावर. "आमच्या घरात सुखी कोण असंल तर ती चार रबरं," त्या म्हणत. "त्यांची रोज सकाळी इचारपूस हुती. माजी झाली ती लग्नात."

आमच्या पेठेत एक रावसाहेब होते. सरकारने पदवी दिल्यापासून ते मान वळवत नसत, सगळे अंगच वळवीत. एकदा कोणी मोठा साहेब मद्रास मेलने यायचा होता आणि स्टेशनावर आपण टांग्यातून उतरावे हे रावसाहेबांना बरे वाटेना. ते अण्णांच्या अंगणात आले, खुर्चीवर बसले आणि फटफटीच्या मागे आपल्याला बसवून न्यावे, अशी इच्छा त्यांनी साऱ्या पेठेच्या वतीने व्यक्त केली.

"रबर बसतंय अजून," अण्णा म्हणाले. "सत्तावीस दिवस झालेत."

"अहो, साहेब येताहेत."

"साहेब परत येतील, रावसाहेब. रबर एकदा बिघडलं की परत येत न्हाई."

रावसाहेब उठताना हसले आणि जरा टोचून म्हणाले की एवढी काळजी घेऊनही एखाद्या दुपारी उन्हाने आपोआप घट्ट झाले म्हणजे? त्यावर अण्णांनी त्यांना लहान मुलाला सांगावे तसे समजावले. "उन्हानं रबर फुगतंय, रावसाहेब. पण नट काय आपोआप फिरत न्हाई. नट फिरला तर समजायचं, माणसाचा हात हाय."

हे वाक्य मी त्या वेळी वहीत उतरवून ठेवले होते, विनोद म्हणून. मित्रमंडळीत मी ते अण्णांच्या आवाजात म्हणून दाखवीत असे आणि लोक हसत. माझ्या नकला बऱ्या होत्या असे म्हणतात.

अशी नऊ वर्षे गेली. मी शेजारी राहायला आलो तेव्हा अण्णांची एकुलती मुलगी कुसुम अकरा-बारा वर्षांची होती. पुढे तिचे लग्न मंद्रूपला झाले. जावई तिथल्या शाळेत होता. तिला मुलगी झाली, तिचे नाव इंदू. या सगळ्यात फटफटी अंगणात होती आणि मी भिंतीवरून पाहत होतो.

मग एका चैत्रात मंद्रूपहून पत्र आले. जावयाला आफ्रिकेत, मोंबासाला रेल्वेच्या कचेरीत नोकरी लागली होती. वैशाखात बोट होती. कुसुम आणि इंदू दोघींना घेऊन तो जाणार होता आणि जाताना सकाळी मंद्रूपहून सोलापुरात येऊन संध्याकाळच्या गाडीने मुंबईला निघणार होता. परत कधी, ते पत्रात लिहिले नव्हते. पाच वर्षांचा करार आहे, एवढे होते.

अण्णांनी ते पत्र मला वाचायला दिले. वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेवले आणि म्हणाले, "एक दिवस हाय. पुष्कळ झाला. तिला टाकीवर बसवून तळ्यापर्यंत एक चक्कर मारतो."

"कुसुमला?"

"इंदूला. कुसुम आता बसंल व्हय टाकीवर?" अण्णा म्हणाले आणि सुताचे रीळ घेऊन खाली बसले.

मला यातले काही कळले नाही. संध्याकाळी वहिनी भिंतीशी आल्या तेव्हा मी थट्टेच्या सुरात म्हणालो की अण्णांनी नातीसाठी तरी फटफटी चालवायचे मनावर घेतले. वहिनी हसल्या नाहीत.

"तुमाला ठाव न्हाई व्हय, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमी यायच्या आदी झालं ते. फटफटी नवीन आली तवा कुसुम सहा वर्षांची. तिला टाकीवर म्होरं बसवून नेलं ह्यांनी. टाकी अशी थरथरली की पोरीचे दात वाजाय लागले. ही म्हणत हुती, अण्णा, थांबा. ह्यांना वाटलं, पोरगी हसतीया. घरी आणली तर तोंडातनं रगत. जीभ चावली हुती. परत काई बसली न्हाई ती. हे म्हणले, टाकी हलणार न्हाई अशी करतो, मग बस. अशी अशी करत पाच-सहा वर्षं गेली. नीट झाली असं ह्यांना वाटलं तवा पोरगी बारा वर्षांची. आता पेठेतनं ती फटफटीच्या टाकीवर बसून जाईल व्हय? मीच न्हाई म्हणले. मग लगीन झालं."

मग बोटांवर मोजून म्हणाल्या, "इंदू साडेतीन वर्षांची हाय. परत येईल तवा नऊ वर्षांची. म्हणजे परत तेच की."

मी माझी ती वही दुसऱ्या दिवशी काढून पाहिली. त्यात दामूअण्णांची चोवीस वाक्ये होती, आणि एकाही वाक्याखाली ते कशाबद्दल होते हे लिहिलेले नव्हते.

तो महिना अण्णांनी ज्या तयारीत घालवला तसा एखाद्या सेनापतीनेही घालवला नसेल. कोणत्या चकत्या घालायच्या यावर पाच दिवस विचार झाला. शेवटी गिरणीतल्या एका जुन्या पंपातले जाड काळे रबर ठरले. "म्हातारं हाय," अण्णा म्हणाले, "पण समजूतदार हाय." ते वेळेत बसावे म्हणून त्यांनी चाळीस दिवसांचा नेम पहिल्यांदाच मोडला आणि पंचवीस दिवसांवर आणला. रोज सकाळी आणि संध्याकाळी सूत. फटफटीचे इंजिन दोनदा सुरू करून पाहिले. ते सुरू झाले, याचे आश्चर्य मला झाले तेवढे त्यांनाही झाले असावे, पण त्यांनी दाखवले नाही. पाण्याचा भरलेला पेला टाकीवर ठेवून ते पाहत. पेल्यातले पाणी थरथरे, पण सांडत नसे. ते माझ्याकडे नुसते बघत आणि मी मान हलवीत असे.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अण्णांना गिरणीत जावे लागले. दुसऱ्या दिवशीची रजा मिळाली होती ती याच अटीवर. ऊन असे होते की अंगणातल्या फरशीवर पाय ठेववत नव्हता. निघताना ते माझ्याकडे आले.

"मास्तर, दुपारी एकदा सूत फिरवून बघाल? ऊन लई हाय, रबर काय करतंय सांगता येत न्हाई. बघा फकस्त. पान्याला हात लावू नका. काई वाटलं तर मी आल्यावर सांगा."

नऊ वर्षांत त्यांनी ते काम पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाला सांगितले होते. मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दुपारी तीनच्या सुमारास मी अंगणात गेलो. सुताचे रीळ नेहमीच्या खिळ्यावर होते. त्याच्या कागदावर आकडा होता: चाळीस. अण्णा वीस नंबरी वापरतात हे मला माहीत होते, पण चाळीस का, हे विचारायला वहिनी घरात नव्हत्या. देवळात गेल्या होत्या. मी तुकडा तोडला आणि पहिल्या चकतीच्या कडेखालून ओढला. सरळ निघून आला. दुसरीखालून ओढला. सरळ. चारही तशाच.

मी विचार केला. चाळीस नंबरी म्हणजे विसाच्या दुप्पट जाड. दुप्पट जाड सूतसुद्धा जर असे सुळकन निघून येते, तर नट किती सैल असतील? डोळ्यांना ते सूत बारीक दिसत होते, नाही असे नाही. पण मी शिकलेला माणूस. डोळ्यांना दिसते त्यापेक्षा कागदावर छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास जास्त, आणि चाळीस हा आकडा विसापेक्षा मोठा असतो हे मी पंधरा वर्षे पोरांना शिकवीत आलो होतो.

पाना तिथेच होता. अण्णा संध्याकाळी थकून येतील, उद्या सकाळी पाहुणे, रात्रभर त्यांना काळजी. त्यापेक्षा आपणच अर्धा आटा फिरवला तर काय बिघडले? असे मी मनाला सांगितले. खरे कारण वेगळे होते. नऊ वर्षे मी भिंतीवरून पाहत होतो. एकदा माझ्याही हाताने ते व्हावे असे मला वाटले. अर्धा आटा पुरला नाही. एक पुरा, मग आणखी थोडा. शेवटी चाळीस नंबरी सूत चारही ठिकाणी झकास अडखळले. मी हात धुतले आणि घरी येऊन पेपर तपासायला बसलो.

संध्याकाळी अण्णा आले ते सरळ भिंतीशी.

"सूत?"

"ठीक आहे."

"अडखळलं?"

"अडखळलं."

यात एकही शब्द खोटा नव्हता. अण्णा नुसते "बरं झालं" म्हणाले आणि त्या रात्री, मला वाटते, नीट झोपले.

सकाळी मंद्रूपहून बैलगाडी आली. जावईबापूंनी वैशाखात लोकरी सूट घातला होता, कारण बोटीवर गारठा असतो असे त्यांना कोणी सांगितले होते. सोलापुरापासून बोट फार लांब आहे हे सांगायचे मात्र राहिले असावे. ते घामाने भिजले होते, पण मान ताठ होती. कुसुमच्या केसांत वहिनींनी आल्या आल्या मोगऱ्याचा गजरा माळला. इंदूच्या डोक्यावर दोन शेंड्या होत्या आणि तिने उतरल्याबरोबर फटफटीकडे बोट दाखवून विचारले, "ही चावती का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "आता न्हाई चावत."

त्यांनी गिरणीचा कोट चढवला, धोतराचा काचा मारला, डोक्याला रुमाल बांधला. चादर काढून घडी केली. सवयीने खिशातून सुताचा तुकडा काढला, वाकले, आणि मग इंदू त्यांच्या धोतराला धरून ओढू लागली तसे सरळ झाले.

"असू द्या," ते म्हणाले. "मास्तरांनी बघितलंय."

सूत पुन्हा खिशात गेले. चौदा-पंधरा वर्षांत सूत न फिरवता त्यांनी फटफटीला हात लावला तो त्या एका सकाळी.

तिसऱ्या लाथेला इंजिन सुरू झाले. गल्लीत माणसे जमली. रावसाहेबही आपल्या दारात येऊन संपूर्ण अंगाने आमच्याकडे वळले. इंजिन जरा तापावे म्हणून अण्णांनी ते चालू ठेवले आणि इंदूला घ्यायला हात पुढे केले. तेवढ्यात मला वास आला. अण्णांना माझ्या आधी आला असावा. त्यांनी हात मागे घेतले, पेट्रोलची तोटी बंद केली, इंजिन बंद केले आणि खाली पाहिले. टाकीच्या मागच्या सांध्यातून पेट्रोल थेंबाथेंबाने गळत होते. फरशीवर पडले की लगेच उडून जात होते, नुसता डाग मागे राहत होता.

 अण्णा गुडघ्यांवर बसले, पाना घेतला आणि मागच्या नटाला लावला. नट फिरला नाही. त्यांनी मनगट जरा आवळले, तेव्हा फिरला. तिथेच ते थांबले.

मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. फार वेळ नाही. मी त्यांच्या पायांकडे पाहत होतो.

"ऊन लई हाय ह्या साली," ते उठत म्हणाले. "रबर फुगलं असंल."

"जुनं यंत्र आहे, मामा," जावईबापू रुमालाने मान पुसत म्हणाले. "चालायचंच."

"डाग देऊन घेऊ या की," मी म्हणालो.

"पेट्रोलची टाकी हाय, मास्तर. आधी धुवायची, मग दोन दिवस वाळवायची. मग डाग." अण्णा हात पुसत म्हणाले. "गाडी संध्याकाळची."

कुसुम पुढे आली. "राहू द्या की, अण्णा. मोठी झाल्यावर बसंल ती." आणि बोलल्यावर तिच्या लक्षात आले असावे. तिने जीभ दातांत धरली. मला कसे कोण जाणे, वाटले, तीच जीभ ती.

पुढे आठवड्याभराने मी वहिनींना सहज विचारले की त्या दिवशी खिळ्यावर चाळीस नंबरी रीळ कसे होते. "मीच अडकवलं," त्या म्हणाल्या. "कुसुमच्या गजऱ्याला वीस नंबरी नेलं. चाळीस लई बारीक, मोगऱ्याची देठं कापतंय."

"बारीक?"

"मग? नंबर वाढला की सूत बारीक हुतं. भावजी, एवढी वर्सं सोलापुरात राहून तुमाला हे ठाव न्हाई? हितलं शेंबडं पोर सांगंल."

मला ठाऊक नव्हते. मी पुणेरी गणित शिकलो होतो.

अण्णांना हे सांगायचे असे मी दोनदा ठरवले. पहिल्या वेळी मी "अण्णा, त्या दुपारी" एवढे म्हणालो आणि ते म्हणाले, "च्या घ्या, मास्तर, निवतोय." दुसऱ्या वेळी मी सुरुवातच केली नाही. नट आपोआप फिरत नाही हे मला त्यांनीच शिकवले होते आणि ते माझ्या वहीत होते. त्यांनी मला जावयापुढे, पेठेपुढे आणि त्या रावसाहेबांपुढे झाकले, हेही मला कळत होते. पण झाकलेले आपण उघडावे एवढे धैर्य माझ्यात नव्हते. पुढे मोंबासाहून पत्रे येत. इंदू शाळेत जाते. इंदूला तिथली भाषा येते. टाकीला अण्णांनी डाग देऊन आणला, पण परत बसवली नाही. सकाळी भिंतीपलीकडून खोकला तेवढा येई, पुढचे काही नाही. चांगली चादर आता अण्णांच्या अंगावर असते, असे वहिनी एकदा म्हणाल्या, पण झोप काही लागत नाही. माझी बदली पंढरपूरला झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो, तर अण्णांनी मला सुताचे एक रीळ दिले. "असू द्या," म्हणाले. कागदावर वीस लिहिले होते. मी वाचून पाहिले, ते त्यांनी पाहिले.

इंदू गेली त्या दिवसातली एक गोष्ट सांगायची राहिली.

टाकी रिकामी करून झाल्यावर अण्णांनी ती आपल्या कोटाने कोरडी पुसली. वास जाईपर्यंत उघडी ठेवली. जेवणे झाली, जावईबापू सूट काढून पंख्याखाली झोपले. चारच्या सुमारास अण्णांनी चांगली चादर चौघडी करून टाकीवर घातली, इंदूला उचलून तिच्यावर बसवले आणि हँडल धरले.

"मास्तर," ते म्हणाले, "मागनं जरा रेटा."

मी रेटली. अशी आम्ही शुक्रवार पेठेतून फटफटी नेली. पुढे दामूअण्णा, मागे मी, आणि मधे इंदू. ऊन अजून चटका देत होते. लोक दारांतून पाहत होते. मी उभ्या आयुष्यात इतका हास्यास्पद कधी दिसलो नसेन, आणि त्या दिवशी तेवढी शिक्षा मला कमीच वाटली. इंदू तोंडाने फट-फट-फट करीत होती. गल्लीच्या टोकाला कडुनिंबाखाली आम्ही वळलो. दारात कुसुम उभी होती. तिने पदर तोंडाला लावला होता, हसण्यासाठी की कशासाठी, ते लांबून कळत नव्हते.

अण्णांनी चालता चालता वाकून विचारले, "दात वाजतात का गं?"

"न्हाई."

"जीभ दाव बघू."

तिने जीभ लांब बाहेर काढून दाखवली. ती अगदी शाबूत होती. अण्णांनी ती नीट पाहिली, जशी ते चकतीची कड पाहत.

"बघितलं, मास्तर?" मागे न वळता ते म्हणाले. "टाकी हलली न्हाई."

"नाही हलली," मी म्हणालो.

आणि ते खरेच होते. त्या सबंध फेरीत टाकी तसूभरही हलली नाही. इंजिन बंद होते.